छावणीच्या वाटेवरचा पंक्चरवाला

"गप बसा जरा साहेब, बोलतीय ती," असं म्हणून तो हवा भरलेली ट्यूब गालाजवळ धरायचा आणि डोळे मिटून सावकाश फिरवायचा. 'ती' म्हणजे ट्यूब. तिचं बोलणं मला कधीच ऐकू आलं नाही. त्याच्या गालाला मात्र कुठेतरी बारीक फुंकर लागायची, चेहरा खुलायचा आणि तो तिथे खडूची खूण करायचा.

तुम्ही पाहिलेले पंक्चरवाले ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे बघत असतील. घमेलं याच्याकडेही होतं, पण त्या दुष्काळात ते रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्या शेळ्यांसाठी भरून ठेवलेलं असायचं. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, दोन मिनिटं ट्यूब बुडवली तर काय बिघडतं?"

"मग शेळी पीत न्हाई. रबराचा वास लई येतो. गाल हाय की मला, पानी कावून नासवू?"

आता थोडं माझ्याबद्दल. मी तेव्हा गावच्या सोसायटीचा सचिव. डॉक्टरांनी शुगर सांगितली आणि पुण्याच्या मुलाने त्याची गिअरची सायकल मला पाठवून दिली. रोज पहाटे फिरायचं आणि एका रविवारी लिंबागणेशला जाऊन गणपतीचं दर्शन घेऊन यायचं, असा बेत. तो गावभर सांगूनही झाला होता. पण सायकल फाट्याच्या पुढे जाईल तर शपथ! आठवड्यात तीन-तीनदा पंक्चर. घामाघूम होऊन ढकलत त्याच्या फाट्यावरच्या पत्र्याच्या टपरीपाशी आलो की तो विचारायचा, "झालं का दर्शन?"

या धंद्यात येण्याआधी त्याच्याकडे मेंढरं होती. त्यांच्या खुरातले काटे काढायचा चिमटा त्याने टायरसाठी जपून ठेवला होता. टायर आतून बोटांनी चाचपायचा, मोडून बसलेलं टोक चिमट्याने ओढायचा आणि हलकेच "झालं, झालं" म्हणायचा. टायरला! मला हसू यायचं.

पण काटे दर खेपेला तेच, वेड्या बाभळीचे, आणि सगळे त्याच्या टपरीच्या आसपास. माझ्या डोक्यात किडा वळवळला. पंक्चरवाल्याच्याच दारात बरे काटे पडतात!

एका पहाटे मी मुद्दाम पायी निघालो. बघतो तर मिस्त्री रस्त्यावर वाकलेला आणि हातात काटे. समोरच्या हॉटेलात पाच-सात जण चहा पीत होते. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "असा धंदा चालवता होय? आपणच काटे टाकायचे आणि आपणच काढायचे!"

हॉटेलातले दोघे-तिघे उठून उभे राहिले. मिस्त्रीने त्यांच्याकडे बघून हात केला. मग माझ्याजवळ आला आणि त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "टाकीत न्हाई साहेब, येचतोय. छावणीच्या कुपाटीचे हायेत. ट्रॅक्टर रोज फांद्या ओढीत हितूनच जातंय. जनावरं यायच्या आत रस्ता साफ करतो. ऱ्हात्यात एखाद-दोन." दुसऱ्या हातातला डबा त्याने पुढे केला. तो काट्यांनी निम्मा भरला होता.

चाऱ्याची छावणी सोसायटीची. तारेचं कुंपण कशाला, भोवती वेड्या बाभळीची कुपाटी घालू, हा ठराव माझाच. सभेत माझी वाहवा झाली होती.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुमी हौसेनं सायकल चालवताय. कशाला मन मोडायचं?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. पण त्याच्याइतकंच हळू. आळ घेतला चारचौघांत आणि माफी मागितली कानात! हॉटेलात जाऊन सांगायला हवं होतं, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. पण सचिवाचा तोरा आडवा आला. उद्या सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून फांद्या ट्रॉलीत भरून न्यायला लावल्या, तेवढं केलं. पंक्चरं थांबली आणि एका रविवारी मी खरोखर लिंबागणेशला जाऊन आलो. येताना मिस्त्रीच्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं. त्याने ते कपाळाला लावलं आणि हॉटेलाकडे एकदा बघितलं. हॉटेल भरलेलं होतं. मी सायकलवर टांग टाकून घरी आलो.

पुढच्या साली छावणी उठली. दिवाळीच्या आधी मिस्त्री दोन दिवसांच्या तापात गेला.

दहाव्याहून परतताना मी हॉटेलात शिरलो आणि न बसताच सांगून टाकलं, "त्या दिवशी मिस्त्री काटे टाकत नव्हता, वेचत होता. काटे माझ्या कुपाटीचे होते. मी खोटा आळ घेतला."

हॉटेलवाला कपबश्या विसळत होता. "म्हाईत हाय की साहेब. आमी रोजच बघायचो त्याला येचताना. त्या दिवशी आमी उठलतो तुमाला सांगायला, त्यानंच बसवलं. म्हणला, कुनी काय बोलू नका, साहेब आपल्या तोंडानं सांगतील."

"मग?"

"मग काय. तुमची सायकल दिसली की म्हणायचा, आज सांगतील."

त्याने माझ्यापुढे चहा ठेवला.