चपलांची रांग

पिंप्राळ्याहून कुसुमताईंच्या लेकीचा फोन आला, तेव्हा मी दाराला कडी लावत होते. "अक्का, आई गेली गं..." एवढंच बोलली. महिना होऊन गेला, पण कडीला हात लागला की अजून तोच आवाज येतो.

रावेरजवळच्या आमच्या अंगणवाडीत ताई सेविका आणि मी मदतनीस. लिहायला-वाचायला मी तिथंच, पोरांच्या पाट्या पुसता पुसता शिकले. माझं माहेर धुळ्याकडचं, तर ताई हसायच्या, "अक्का, तुझी खिचडीसुद्धा अहिराणीत शिजते!" पोरांवर मात्र त्यांनी कधी आवाज चढवला नाही. "पळू नको" असं म्हणायच्या नाहीत, "हळू चाल" म्हणायच्या. दोघं भांडली की खाली बसून त्यांच्या डोळ्यांत बघत बोलायच्या. आणि पोरं बाहेरून आत आली की एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं मोजायच्या. मगच कडी.

त्या दिवशी पोरं अंगणात खेळून आत आली. ताई एका तान्ह्या बाळाचं वजन करत होत्या. म्हणाल्या, "अक्का, डोकी मोज गं." इकडे माझी खिचडी खाली लागत होती. मी दारातल्या चपला सरळ लावल्या, जोड मोजले, सकाळी होते तेवढेच भरले. चपला दारात म्हणजे पोरं आत, असं धरून चालले. "बठ्ठा शेतस, ताई," म्हटलं, सगळे आहेत, आणि कडी लावली. छकू सकाळी तिच्या आबांच्या कडेवर आली होती, अनवाणी... ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

ताटल्या मांडताना ताईंनी सवयीनं डोकी मोजली. अठरा. सकाळी एकोणीस होती. ताई धावल्या. रस्त्यावर केळीचा ट्रक भरून मागे यायला लागला होता, आणि मागच्या चाकाशी सावलीत छकू केळीचं पान फाडत बसलेली. ताईंनी ट्रकवर दोन्ही हात आपटले. त्यांचं ओरडणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ट्रक थांबला. पोरीला खरचटलंही नाही.

पोरं सुटायच्या आधीच आबा आले. "माही नात चाकाखाली गेली असती, बाई! तुमी काय करत होत्या?"

"मोजायला मी चुकले, आबा," ताई म्हणाल्या. मी चुलीपाशी उभी होते. खाली लागलेलं पातेलं खरवडत राहिले. नोटीसही ताईंच्याच नावानं आली.

आबा गेल्यावर ताईंनी दाराकडे बघितलं. चपला एका रांगेत, जोडीनं लागलेल्या. पोरं काय तशा लावतात? मला एवढंच म्हणाल्या, "अक्का, चपला नाही, डोकी मोजायची. हात लावून."

पुढं इतकी वर्षं एकत्र काम केलं, पण "चूक माझी होती" हे मी कुणासमोर बोलले नाही. शेवटची भेटायला गेले, तर ताईंना माणसांची ओळख राहिली नव्हती. पडल्या पडल्या हात हवेत फिरत होता, एकेका डोक्यावर ठेवल्यासारखा. "सतरा... अठरा..." तिथं थांबायच्या, दाराकडे बघून हाक मारायच्या, "अक्का, एक कुठंय गं?"

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी त्यांचा हात धरला नि म्हणाले, "बठ्ठा शेतस, ताई." तेच शब्द पुन्हा.

आता इथं लिहिलं, सगळ्यांसमोर. ज्यांना सांगायचं होतं त्या मात्र नाहीत. घरात मी एकटीच असते. तरी कडी लावली की काढते, दार उघडून पायरीपर्यंत बघून येते... आणि मग पुन्हा लावायला हात धजत नाही.