दुसऱ्या भोंग्याची पत्रिका

यंत्रंसुद्धा माणसामाणसांत भेदभाव करतात, अशी हल्ली जगभर चर्चा चालते. कुणाला नोकरी द्यायची, कुणाला दारातूनच परत पाठवायचं, हे म्हणे कॉम्प्युटर ठरवतो. माझी मुलगी मला हे मोठ्या काळजीनं सांगते आणि मी गालातल्या गालात हसते. कारण नव्वदच्या सुमारास हा प्रकार मी उल्हासनगरच्या बाजारात, एका झेरॉक्सच्या दुकानात पाहिला आहे. कॉम्प्युटरनं नापास केली होती ती माझी सख्खी ताई.

आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. ताईला बदलापूरचं, हेंद्रेपाड्यातलं स्थळ आलं होतं. मुलगा शांत, हसरा, विधवा आईनं एकटीनं वाढवलेला. ताईला तो इतका आवडला होता की भांडी घासताना गुणगुणायची, आणि आमची ताई काही गुणगुणणाऱ्यांतली नव्हे, भांडणाऱ्यांतली. घोडं अडलं ते पत्रिकेपाशी. मुलाच्या आईचा निरोप आला, "भटजींची चूक होऊ शकते. कॉम्प्युटरवर काढून आणा, त्याची होत नाही."

दुकानदार सिंधी, भलता अगत्यशील. सगळे त्याला साई म्हणायचे. कॉम्प्युटरला त्यानं हार घातला होता. जन्मतारीख टाकून झाल्यावर त्यानं विचारलं, "टाइम बोलो."

"सकाळचा दुसरा भोंगा," आई म्हणाली.

साईचं बोट हवेतच राहिलं. क्वार्टर्समधली निम्मी मुलं भोंग्यावरच जन्मलेली. पहिला भोंगा उठायचा, दुसरा घरातून निघायचा, तिसरा गेट बंद व्हायचा. घड्याळ बघायला बाळंतिणीला सवड कुठली?

"माताजी, इसमें भोंगा नहीं जाता," साई काकुळतीला आला. शेवटी आईनं अंदाजानं साडेसहा सांगितले. प्रिंटर करकरला आणि कागद बाहेर आला. कडक मंगळ.

आईच्या डोळ्यांना धार लागली. मंगळाची मुलगी म्हणजे नवऱ्याच्या जिवावर उठणारी, असं सगळे मानायचे, आणि एकुलत्या मुलावर जगलेल्या त्या विधवा आईला हे कळल्यावर लग्न होणं शक्यच नव्हतं. ताई मात्र लालबुंद झाली. "साई, अर्धा तास अलीकडचं टाका. पहिला भोंगा."

पुन्हा करकर. मंगळ गायब!

"बोलो बेटी, कौनसा दूँ? दोनों पक्के हैं," साई मनापासून म्हणाला. त्या माणसाला मी आजही नावं ठेवत नाही. आम्ही हसत घरी जावं एवढंच त्याला हवं होतं.

आईनं दुसरा कागद उराशी धरला. "हाच नेऊ या."

"दोन्ही न्यायचे," ताई म्हणाली. तिच्यापुढे आमच्या घरात कुणाचं चालत नसे.

रविवारी हेंद्रेपाड्यात तिनं खरंच दोन्ही कागद मुलाच्या आईसमोर ठेवले. आमच्या आईनं चिमटा मला काढला, जणू मीच ठेवले होते.

"काकू, दोन्ही कॉम्प्युटरनंच काढलेत. एकात मी तुमच्या मुलाच्या मुळावर आहे, एकात नाही. आपण जे सांगू त्यावर ते मशीन बोलतं, आणि माझी खरी वेळ आमच्या घरात कुणालाच धड माहीत नाही." ताईचा आवाज चढलेला, पण पदराचं टोक तिनं पार पिळून काढलं होतं. मुलगा दारात नुसता उभा. मला त्याचा असा राग आला!

काकूंनी दोन्ही कागद चष्म्याजवळ नेले. मग त्या म्हणाल्या, "आमचे छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले होते. हा रांगत होता तेव्हा हे गेले. सासरी सगळे मला पांढऱ्या पायाची म्हणाले. पत्रिकेला कुणी काही म्हणालं नाही."

येताना रस्ताभर मी मनात त्यांना काय काय बोलले होते. आता मला त्यांची फार माया आली. बाई दुष्ट नव्हती, घाबरलेली होती.

त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि आतून कुंकवाचा करंडा आणला. मग शेजारणीला हाक मारायला खिडकीशी गेल्या, कारण विधवेनं नव्या सुनेला कुंकू लावायचं नसतं. ताईनं उठून त्यांचा हात धरला.

"तुम्हीच लावा," ती म्हणाली.

काकूंनी बोट करंड्यात इतकं खोल बुडवलं की निम्मं कुंकू ताईच्या नाकावर सांडलं. तिनं ते घरी येईपर्यंत पुसलं नाही.