पिकअप वाढवणारी डबी

मंडळी, गाडीचं इंजिन शाबूत आहे, हे आधी सांगतो आणि मग माझा शहाणपणा ऐकवतो.

मागच्या महिन्यात ऑनलाइन एक स्वस्तातली डबी मागवली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचली की इंजिनची ताकद वाढते म्हणे. बाबांना डायलिसिससाठी नागपूरला न्यावं लागतं आणि आमची जुनी गाडी ओव्हरटेक करताना धापा टाकते. डबी लावली आणि गाडी खरंच पळायला लागली. या ग्रुपवरच्या दोघातिघांना मी ती घ्यायलाही लावली.

आज बायकोला तिच्या माहेराहून, लाखांदूरहून घेऊन येत होतो. पवनीच्या अलीकडे गाडी ओढेचना. डबीनं इंजिन खाल्लं, असंच मला वाटलं. उद्या बाबांना कशात नेऊ?

कडेला थांबून डबी उपटली. काही फरक नाही.

बायको म्हणाली, "कायले घाबरून राहिले? मांगं तांदळाचे सहा कट्टे आहेत. मागच्या वेळचे कट्टे तुमी कितीतरी दिवस डिकीतच ठेवले होते. तुमी डबी लावली, त्याच दिवशी मी ते उतरवून घेतले."

घरी येऊन ती तांदळाची पोती उतरवली आणि डबीशिवाय गावाबाहेर एक चक्कर मारली. गाडी मस्त पळाली. जीव भांड्यात पडला.

मग डबी फोडून पाहिली. आत नुसता एक लुकलुकणारा दिवा.

ज्यांना घ्यायला लावली, त्यांनी रागावू नका. फक्त आठवून सांगा, तुमचा पिकअप वाढला तेव्हा डिकीतून काय उतरलं होतं?