गेस्ट म्हणजे कोण

काल पणतीनं चित्रांचा इंग्रजी शब्दकोश माझ्यापुढं धरला. "पणजी, गेस्ट म्हणजे?" चित्रात एक माणूस पिशवी घेऊन दारात उभा होता. मला एकदम तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा वास आला.

निजामाच्या राज्यातलं ते शेवटचं वर्ष. त्या धामधुमीत आम्ही नळदुर्गाजवळचं आमचं गाव सोडून सोलापूरच्या हद्दीत, एका अनोळखी घरी राहत होतो. आई त्या घरचं सगळं दळण दळायची, पण ताटात दुसरी भाकरी काही घ्यायची नाही. "आपण आसऱ्याला आलोय," म्हणायची.

आमच्यासारखेच गाव सोडून आलेले एक गुरुजी लिंबाखाली पोरांना इंग्रजी शिकवत. त्या दिवशी शब्द होता गेस्ट. मी म्हणाले, "दुसऱ्याच्या घरी जेवतो, तो."

"अर्धंच सांगितलंस, पोरी. ज्याचं सवताचं घर हाय आन् जो तिथं माघारी जाणार हाय, तो गेस्ट. पाहुणा."

मी धावत येऊन चुलीपाशी हे सगळं सांगितलं. भाकरी थापणाऱ्या घरमालकीण अक्का थांबल्या. "खरं हाय की! ऐकलंत का, बाई? पाहुण्यानं अर्धपोटी उठू न्हाय." आणि फुगलेली भाकरी त्यांनी आईच्या ताटात टाकली.

आता वाटतं, तो अर्थ गुरुजींनी स्वतःलाही धीर द्यायला केला असावा. तेव्हा मात्र मी फक्त आईकडं बघत होते. तिनं भाकरी मोडली, पहिला घास घेतला आणि म्हणाली, "आमी माघारी गेल्यावर तुमी आमच्याकडं या, अक्का. चांगलं मुक्कामाला या."