इतकाबाई

इतकाबाई लिपस्टिक लावल्याशिवाय दार उघडत नसत. दूधवाला असो, मीटर बघणारा असो, नाहीतर भांडी घासायला आलेली माझी आई. बेल वाजली की आतून आवाज यायचा, "थांबा, आलो!" मग दोन मिनिटं जिन्यात उभं राहायचं. दार उघडलं की समोर पावणेसहा फुटी गोरी बाई, पांढऱ्या केसांचा अंबाडा, अंगात मेलेल्या नवऱ्याचा शर्ट आणि ओठ लालभडक. "एन्ट्री एकदाच मिळते," त्या म्हणायच्या. "नंतर नुसतं आत येणं."

आई म्हणायची, "आलो काय बाई? बाईमाणूस ना तुम्ही? आले म्हणा."

"माहीत आहे, सुमनताई. आमच्या भाषेत पण बाई वेगळी बोलते, पुरुष वेगळा. पण मला मराठी शिकवणारे सगळे पुरुष. लाइटवाला, मेकअपवाला, रिक्षावाला. बाई कुणी बोललीच नाही माझ्याशी."

त्यांचं खरं नाव यित्का. पहिल्या दिवशी आईने ते ऐकलं आणि विचारलं, "इतका? इतका म्हणजे कितका?" मी मध्ये पडून इंग्रजीत अर्थ सांगितला. इतकाबाई इतक्या हसल्या, की लिपस्टिक दातांना लागली. पुढे वर्तकनगरच्या त्या वसाहतीत त्यांचं तेच नाव झालं.

मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली तर कळव्याच्या आमच्या अख्ख्या चाळीत पहिली. हे मी मुद्दाम सांगते. मला त्याचा अभिमान होता, आणि पुढे जे झालं त्यात तो अभिमान आहे.

इतकाबाई चेक. काचेचे कारखाने असलेल्या एका लहान गावच्या. बाविसाव्या वर्षी तीन महिन्यांच्या करारावर मुंबईत आल्या. साबणाच्या जाहिराती केल्या, साड्यांच्या कॅटलॉगसाठी उभ्या राहिल्या. मग सिनेमे. कधी स्मगलरची मैत्रीण, कधी साहेबाची मडम, कधी हिरोच्या मागे नाचणाऱ्यांत तिसरी. सावंत नावाच्या कॅमेरामनशी लग्न करून त्या ठाण्यात आल्या. पस्तिशीनंतर फोन येणं बंद झालं. पन्नाशीत सावंत गेले. तिसऱ्या मजल्यावरचं ते घर आणि गॅलरीतल्या कुंड्या उरल्या. कुंड्यांत शेपू. त्यांच्याकडे म्हणे शेपूचं दुधातलं कालवण करतात. आई म्हणाली, "दुधात शेपू? शी!" आणि वाटीभर खाल्लं.

माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी मला पॅसेजमध्ये चालायला लावलं. "पाय सोड, प्रज्ञा. चालणं म्हणजे मान." आई मोरीतून हसली. "आम्ही डोक्यावर हंडे घेऊन जन्म काढला, आम्हाला काय चालायला शिकवता?" बाईंनी खरंच पातेलं भरून तिच्या डोक्यावर ठेवलं. आई दारापासून गॅलरीपर्यंत जाऊन आली. थेंब सांडला नाही. इतकाबाईंनी स्वतःच्या हाताने पातेलं उतरवून घेतलं. मग म्हणाल्या, "ही मॉडेल. मी नुसता उंच." मला डोंबिवलीच्या शाळेत नोकरी लागली. इंग्रजी शिकवायची.

एकदाच, खूप वर्षांनी, त्यांना एका मराठी मालिकेत काम मिळालं. एक दिवसाचं, एकच वाक्य: "मी इथलीच आहे." तीन आठवडे आईने त्यांच्याकडून ते घोटून घेतलं. 'इथला' नाही, 'इथली'. ज्या दिवशी भाग लागणार होता, त्या दिवशी त्या रिक्षा करून कळव्याला आमच्या खोलीत आल्या. चाळ जमली. पडद्यावर इतकाबाई आल्या, मान वर करून तोंड उघडलं, आणि आवाज आला भलत्याच बाईचा. लाडिक, नाकातला.

"हा कुणाचा गं आवाज?" आईने विचारलं.

"मान माझी," इतकाबाई म्हणाल्या. "आवाज नेहमी दुसरीचा." चहा न घेताच त्या उठल्या.

दर रविवारी त्यांच्या बहिणीचा फोन यायचा. त्यांच्या भाषेत तासभर चालायचा, आणि आम्हाला कळायचा तो एकच शब्द. "नो, नो. नो." आई भांडी विसळता विसळता म्हणायची, "बहिणीचं एक ऐकत नाही बया. सारखं आपलं नाही नाही."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या यकृताचं दुखणं निघालं, तेव्हा फार पुढे गेलेलं होतं. हॉस्पिटलात भरती होतानाच त्यांनी आईचा हात धरून सांगितलं, "सुमनताई, मला इथे सोडू नका. शेवटी मला माझ्या गॅलरीत न्या. शेपूजवळ." आईने शब्द दिला.

पंधरा दिवसांत त्या ओळखू येईनाशा झाल्या. पिवळ्या पडल्या. मराठी गेली, हिंदी गेली, तोंडात तेवढी त्यांच्या गावची चेक राहिली. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "आता आमच्या हातात काही नाही. घरी नेऊ शकता. पण नेताना त्रास होईल. त्या शुद्धीवर आहेत तोवर त्यांनाच विचारा."

विचारायचं काम माझं. तिथे इंग्रजी येणारं घरचं माणूस मीच. मी वाकून, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "डू यू वॉन्ट टू गो होम?"

त्यांनी डोळे उघडले. "नो," म्हणाल्या. मग पुन्हा, "नो, नो."

"अगं, ती हो म्हणतेय," आई म्हणाली. "पदर बघ कसा धरलाय माझा."

डॉक्टरांसमोर मला लाज वाटली. "आई, तुला इंग्रजी कळतं का? नो म्हणजे नाही. त्यांना आता हलायचं नाहीये."

आईने एकेक बोट सोडवून पदर मोकळा केला. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी शाळेत आणि आई कामावर असताना, इतकाबाई त्या वॉर्डात गेल्या. जवळ कुणी नव्हतं. ओठ कोरडे होते.

आठवड्याने बहीण आली. तशीच उंच, तशीच मान. आम्ही वर्तकनगरच्या घरी तिला कुलूप उघडून दिलं. आईने चहा केला, कप पुढे धरला आणि मराठीतच विचारलं, "घेणार ना?"

"नो, नो," बहीण म्हणाली.

मी कप मागे घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात तिने मान डोलावली आणि दोन्ही हातांनी कप घेतला. "नो," ती पुन्हा म्हणाली आणि घोट घेतला.

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. माझं इंग्रजी तेव्हाच मोडलं. तिने सांगितलं, त्यांच्याकडे 'हो'ला 'आनो' म्हणतात. बोलताना नुसतं 'नो'.

आईला मी काही सांगितलं नाही. तिला कपावरूनच कळलं होतं. ती गॅलरीत जाऊन वाळलेल्या शेपूला पाणी घालत बसली. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जन्मभर त्या बाईच्या तोंडी दुसऱ्यांचे आवाज घातले गेले. शेवटचा मी घातला, बी.ए. झालेलीने.

आजही मी पाचवीला 'येस' आणि 'नो' शिकवते. परवा भाजी निवडताना आईने अचानक विचारलं, "मग त्यांच्यात नाहीला काय म्हणतात गं?"

"ने," मी म्हणाले.

"ने? घरी ने, तसलं ने?"

"हो."

आईच्या हातात शेपूची जुडी होती. ती तिने खाली ठेवली.

"म्हणजे ती नाही म्हणाली असती," आई म्हणाली, "तर आपण तिला नेलं असतं."