शिफारसपत्राची अट

जर्मनीत पीएचडी म्हणजे पगारी नोकरी असते, हे मी घरी तीनदा समजावलं. तरी आई शेजारी सांगायची, "अजून शिकायचंच म्हणते." ते मी हसण्यावारी नेलं. कॉलेजात जे झालं त्याचा राग मात्र अजून जात नाही.

मी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. सुरगाण्याच्या बायकांच्या गटाबरोबर दोन हंगाम खपून मी स्ट्रॉबेरी वाळवायचं सौर यंत्र बांधलं होतं. दिवसाची उष्णता मेणात साठवायची, ऊन उतरलं की ती वापरायची. पहिल्या हंगामात सगळा माल बुरशीने गेला. गटातली एक मावशी म्हणाली, "ताई, वाफंला भाईर जायला वाटच नाय ठेवली तू." तिचं खरं होतं. आम्ही वरचा पत्रा कापून धुराडं बसवलं. दुसऱ्या हंगामात माल टिकला, आणि मी या ड्रायरवर शोधनिबंध लिहायला घेतला.

पुढे एका जर्मन विद्यापीठात ऊर्जा साठवणुकीवर संशोधनाची जागा निघाली. दोन शिफारसपत्रं हवी होती. एम.टेक.च्या मार्गदर्शकांनी लगेच दिलं. दुसऱ्यासाठी विभागप्रमुखांकडे गेले. "मसुदा तूच लिही, मी सही करतो," ते म्हणाले. तो मसुदा तीन आठवडे त्यांच्या टेबलावर पडून होता. मुदतीला चार दिवस उरले तेव्हा त्यांनी बोलावलं.

"त्या ड्रायरवरच्या पेपरवर माझं नाव पहिलं टाक. मग पत्राचं बघू."

हे गृहस्थ सुरगाण्याला एकदाही आले नव्हते. मी म्हणाले, "सर, त्यातलं मेण किती तापमानाला वितळतं, तेवढं सांगा. नाव टाकते."

ते लालबुंद झाले. "लग्नाचं वय निघून चाललंय. जर्मनीत जाऊन काय दिवे लावणार आहेस?"

मी मसुदा उचलला आणि बाहेर आले. तिथूनच सिन्नरच्या कारखान्यातल्या माझ्या जुन्या साहेबांना फोन केला. तिथे मी दोन वर्षं बॉयलरवर काम केलं होतं. दुसऱ्या दिवशी एसटीने गेले. त्यांनी तासभर खोदून खोदून विचारलं आणि पत्र स्वतः लिहिलं. एकदा मी मोटर जाळली होती आणि लगेच कबूल केलं होतं, तेही त्यात घातलं.

ऑनलाइन मुलाखतीत तिथल्या प्राध्यापकबाईंनी पहिलंच विचारलं, "काय फसलं?" मी बुरशीचं सांगितलं, आणि चूक कोणी पकडली तेही. पंधरा दिवसांत निवडीचं पत्र आलं.

आठवड्याने कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला. विभागप्रमुखांचा फोटो हातभर, माझा तळहाताएवढा. खाली 'यांच्या अनमोल मार्गदर्शनाखाली'. मी तडक प्राचार्यांकडे गेले.

"अहो मॅडम, कौतुकच केलंय ना?"

"कोणाचं, सर?"

मी घडलेलं सगळं लिहून तक्रार दिली, पोच घेतली. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. तक्रारीला उत्तर मात्र आलेलं नाही. विभागप्रमुख त्याच खुर्चीत आहेत आणि मुलं अजूनही त्यांच्याचकडे पत्र मागायला जातात.