पाय खाली, डोळे मतपत्रिकेवर

मंडळी, पंच्याऐंशी ओलांडलेल्यांना आधी फॉर्म भरला की घरीच टपाली मत देता येतं. आज उत्रोलीत आमच्या आत्याचं मत घ्यायला अधिकारी आले. खाटेवर पुठ्ठ्याचा आडोसा लावला.

तेवढ्यात गावचे स्वयंघोषित पुढारी हजर! पाच वर्षांत आमचा उंबरा न चढलेला हा गृहस्थ थेट आडोशामागं शिरून आत्याच्या पाया पडायला वाकला.

आत्या म्हणाली, "पाय खाली हायत रं बाबा. वर कागदात काय बघतोस?"

अधिकाऱ्यांनी हाकलल्यावर म्हणतो कसा, "म्हातारीला दिसत न्हाई, म्हणून मदत करत होतो."

आत्या म्हणाली, "तू लई चांगला दिसलास!"

तुमच्याकडंही येतात का असे भक्त? आले तर पाय खुशाल पुढं करा, मतपत्रिका तेवढी झाका.